वृत्तभाषेतील कर्तृलोप

बातमी म्हणजे घडलेल्या घटनेची नोंद, असे सामान्यतः मानले जाते. परंतु घटना आणि नोंद यांच्यामध्ये वाक्यरचना उभी असते. ‘दर्पण’ (१८३२) पासून घडत आलेल्या मराठी वृत्तभाषेचा विचार बहुधा शब्दसंग्रहाच्या अंगाने होतो. वाक्यातील कर्त्याचे स्थान दुर्लक्षित राहते. वस्तुतः घटनेची जबाबदारी वाचक कोणाकडे देतो, हे पुष्कळ अंशी त्या स्थानावर अवलंबून असते.

रॉजर फाउलर यांच्या ‘लँग्वेज इन द न्यूज’ (१९९१) या ग्रंथात इंग्रजी वृत्तभाषेतील ‘पॅसिव्ह’ रचनेची चिकित्सा आढळते. ती मराठीला जशीच्या तशी लागू पडत नाही. ‘पोलिसांनी गोळीबार केला’ हा कर्मणी प्रयोगच आहे. क्रियापद कर्माप्रमाणे चालते, तरीही कर्ता तृतीयेत ठळकपणे उभा राहतो. मराठीत कर्ता दिसेनासा होतो तो मुख्यतः दोन मार्गांनी. पहिला मार्ग ‘गोळीबार करण्यात आला’ या रचनेचा. येथे ‘पोलिसांकडून’ हे पद घालता येते. पण न घातले तरी वाक्य अपुरे वाटत नाही. दुसरा मार्ग क्रियेचे नाम करण्याचा. ‘गोळीबारात तिघांचा मृत्यू’ या मथळ्यात ‘मारणे’ जाऊन ‘मृत्यू’ येतो, आणि मृत्यूला मारणारा लागत नाही.

‘टाकीत गुदमरून सफाई कामगाराचा मृत्यू’ हा परिचित धाटणीचा मथळा पाहावा. त्यात असत्य काही नाही. मात्र कारण म्हणून केवळ गुदमरणे उरते. कामगाराला टाकीत उतरवणारा वाक्याबाहेर राहतो. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने गटारांच्या व मलटाक्यांच्या धोकादायक सफाईस माणसाला लावणे दंडनीय ठरविले आहे. कायद्याचा रोख ज्या कर्त्यावर आहे, तोच मथळ्यातून गळतो. पुढे ‘दुर्घटना’ हा शब्द आला की दोष दैवाकडे जातो.

अर्थात प्रत्येक कर्तृलोपामागे हेतू शोधणे योग्य नव्हे. मथळ्याची जागा मोजकी असते, सरकारी पत्रकाची भाषा घाईत तशीच उतरते, आणि गुन्हा सिद्ध होण्यापूर्वी कोणाला कर्ता ठरविणे अन्यायाचे होईल. म्हणून कर्ता गळला एवढे नोंदवून अभ्यासकाचे काम संपत नाही. तो अज्ञात असल्यामुळे गळला की ज्ञात असूनही, हे पाहावे लागते.

याचा पडताळा एकाच वाक्यात मिळू शकतो. ‘आंदोलकांनी दगडफेक केल्यानंतर लाठीमार करण्यात आला’ या वाक्यातील दोन्ही कर्ते वार्ताहराला ठाऊक आहेत. तरी दगड मारणारे हात दिसतात, लाठी उगारणारे दिसत नाहीत. वृत्तभाषेचा पक्षपात विशेषणांपेक्षा अशा विषम रचनेत अधिक असतो. आणि विशेषणाप्रमाणे तो सहज डोळ्यांत भरत नाही, म्हणूनच त्याचे अध्यापन व्याकरणाच्या तासाला व्हावयास हवे.