देवाचे सौंदर्य कोठे पाहावे?



देव सुंदर आहे असे म्हणताना आपल्याला फुले, चांदणे, सजवलेली वेदी आठवते. ते योग्यच आहे; निर्मितीवरून निर्मात्याची ओळख पटते. संत थॉमस अक्विनस यांनी सौंदर्याची तीन लक्षणे सांगितली: पूर्णता, सुसंवाद आणि तेज. ही तिन्ही त्यांनी देवपुत्राला लावली.

डोंगरावर प्रभूचे रूपांतर झाले, तेव्हा शिष्यांनी ते तेज पाहिले (मत्तय 17:1-8). परंतु यशयाच्या 53 व्या अध्यायातील दुःखी सेवकाकडे कोणाला पाहवत नाही. ख्रिस्तसभेने त्याच सेवकात क्रूसावरील प्रभूला ओळखले. मग कालवारीवर सौंदर्य कोठे आहे? ते प्रीतीत आहे. तेथे प्रीतीने काहीच राखून ठेवले नाही, ही तिची पूर्णता. तिने देव व मानव यांचा मेळ घातला, हा सुसंवाद. वेदनेतही ती विझली नाही, हे तिचे तेज.

आपल्या वर्धा जिल्ह्यानेही हे पाहिले आहे. कुष्ठरोग्यांना लोक दूर लोटत, त्या काळी सेवाग्राम आश्रमात गांधीजींनी परचुरेशास्त्रींच्या जखमा स्वतः धुतल्या. दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी 1936 साली कुष्ठरोग्यांसाठी सेवाकेंद्र उभारले. हे ख्रिस्ती नव्हते. पण आपण ज्यांच्यापासून तोंड फिरवतो, त्यांच्याकडे त्यांनी प्रेमाने पाहिले.

आपल्या घरात, शेजारी असे कोण आहे? या आठवड्यात त्या एका व्यक्तीजवळ थोडा वेळ बसू या.

प्रभो, तुझे मुख ओळखणारी दृष्टी आम्हांला दे. आमेन.