जादा फिल्टर बसवण्याआधी

डिझेल पिकअपला जादा फिल्टर बसवावा का, असं मला बरेच गाडीवाले विचारतात. माझं उत्तर एकच असतं: जरूर बसवा, पण पाणी पकडणारा बसवा, योग्य जागी बसवा आणि रोज त्याच्याकडे बघा. यातलं एक जरी राहिलं, तरी जी गाडी वाचवायला तो बसवला तीच गाडी त्याच्यामुळे उभी राहते. हा अनुभव मी घेतला आहे.

आमची गाडी नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरून माळशेज घाटाने खाली कल्याण-वाशीकडे जाते. टोमॅटो थांबत नाही. गाडी रात्रभर रस्त्यात राहिली की क्रेटच्या तळाचा माल पाणी सोडतो आणि सकाळी बाजारात भाव पडतो. ऐन पावसाळ्यात एका पंपावर डिझेल भरून निघालो आणि ओतूरच्या पुढे डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागला. गाडी झटके द्यायला लागली, वेग घेईना आणि इंजिन बंद पडलं ते पुन्हा सुरूच झालं नाही.

टोचन करून गाडी पंप-नोझलचं काम करणाऱ्या चाचांकडे नेली. त्यांनी फिल्टरमधलं डिझेल काचेच्या बाटलीत ओतलं आणि बाटली फळीवर ठेवून दिली. थोड्या वेळाने तळाशी गढूळ पाण्याचा थर स्पष्ट दिसायला लागला. मग इंजेक्टर उघडून आतली सुई भिंगाखाली धरली. तिच्यावर तांबूस ठिपके आणि बारीक उभे ओरखडे होते. चाचा म्हणाले, "सुई गंजली, भाऊ. आता ती जागेवर नीट बसायची नाही. बंद असतानाही डिझेल सोडत राहणार."

आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल 1,600 बार आणि त्याहूनही जास्त दाबाने फवारलं जातं. इंजेक्टरच्या आतली फट जेमतेम 2 ते 4 मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. शिवाय हाय प्रेशर पंपाला वंगण म्हणून दुसरं ऑइल नसतं, डिझेल हेच त्याचं वंगण. डिझेलच्या जागी पाणी गेलं की पंप कोरडा घासतो, त्याचा कीस सुटतो आणि तो थेट इंजेक्टरपर्यंत जातो. मग एक भाग बदलून भागत नाही. पंप, रेल आणि सगळे इंजेक्टर खोलावे लागतात.

पाणी दर वेळी भेसळीतूनच येतं असं नाही. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 डिझेल मिळतं. त्यात मानकाप्रमाणे किलोला 200 मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालतं. म्हणजे 60 लिटरच्या भरल्या टाकीत, सगळं नियमात असूनही, 10 मिलिलिटरपर्यंत पाणी असू शकतं. अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली की हवेतला दमटपणा पत्र्यावर धरतो, तेही थेंब खालीच उतरतात. हे साठलेलं पाणी तसंच राहिलं तर डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे बुरशी धरते आणि तिचा काळा चिकट गाळ फिल्टर तुंबवतो.

दुरुस्तीनंतर दुसऱ्या एका गॅरेजमध्ये जादा फिल्टर बसवून घेतला. अगदी बारीक मायक्रॉनचा, तोही पंपाच्या आधी, टाकीकडून येणाऱ्या ओढीच्या लाइनवर. सपाट रस्त्याला गाडी छान पळाली. वाशीहून परतीचा माल घेऊन माळशेज चढताना मात्र ती दम टाकायला लागली. सकाळी स्टार्टरही लांबत चालला. चाचांनी लाइनमध्ये पारदर्शक पाइपचा तुकडा घातला आणि इंजिन चालू केलं. डिझेलबरोबर बुडबुडे पळताना दिसले. गाडी एअर घेत होती. फिल्टरचा जोड खोलल्यावर तोंडाशी टेफलॉन टेपच्या पांढऱ्या चिंध्या अडकलेल्या होत्या. नळाला गुंडाळतात तीच टेप फिटरने इथे गुंडाळली होती. नशिबाने त्या फिल्टरच्या अलीकडे होत्या. पलीकडच्या जोडाची टेप सुटली असती तर मूळ फिल्टरचाच काय तो आधार होता.

ओढीच्या लाइनवर खूप बारीक फिल्टर घातला की पंपाला डिझेल ओढायला जोर पडतो. चढावर मागणी वाढते आणि पंप उपाशी राहतो. अशा लाइनचा जोड सैल असला तर डिझेल बाहेर गळत नाही, तो आत हवा ओढतो. जमिनीवर थेंब नाही म्हणून कुणाला शंका येत नाही.

या सगळ्यातून जे शिकलो ते सांगतो.

आधी आपल्या गाडीची रचना विचारून घ्या. काही गाड्यांत टाकीतच इलेक्ट्रिक पंप असतो, तिथे लाइनमध्ये दाब असतो. काहींत पुढचा पंप डिझेल ओढतो. ओढीच्या लाइनवर 10 ते 30 मायक्रॉनचा, खाली पारदर्शक वाटी असलेला वॉटर सेपरेटर पुरतो. बारीक गाळण्याचं काम कंपनीच्या मूळ फिल्टरला करू द्या, तो कधीही काढू नका. हाय प्रेशर पंपाच्या पुढे तर कशालाच हात लावायचा नाही.

फिल्टर घेताना नुसता मायक्रॉनचा आकडा ऐकू नका. त्या आकाराचे किती टक्के कण तो अडवतो, हे विचारा. निम्मे कण सोडणाऱ्या फिल्टरवरही बारीक आकडा छापलेला असू शकतो. गाडीच्या इंजिनाला लागेल तेवढा प्रवाह तो देतो का, हेही बघा.

पाइप डिझेलसाठी बनवलेलाच वापरा, पाण्याचा रबरी पाइप आतून सुटतो. टेप कुठेही नको. सायलेन्सरच्या उष्णतेपासून दूर, दगड लागणार नाही अशा जागी, चेसिसला पक्का बसवा आणि वाटीपर्यंत हात सहज पोहोचू द्या. नवा फिल्टर कॅनमधल्या डिझेलने भरून लावायची सवय मोडा, कारण ते डिझेल गाळलेलं नसतं. हँड प्रायमरने लाइन भरा आणि एअर काढा.

गाडी वॉरंटीत असेल तर बसवण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. तोंडी होकार नंतर कुणाला आठवत नाही.

पावसाळ्यात रोज सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, वाटीचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल बाटलीत घ्या. रात्रभरात पाणी खाली बसलेलं असतं. पाणी दिसलं तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढा, आणि ते जमिनीवर सांडू नका. एरवीही हा नेम सोडू नका. पाण्याचा दिवा लागला तर "पुढच्या गावात बघू" म्हणू नका, तिथेच इंजिन बंद करा. टाकी संध्याकाळी भरून ठेवा. पंपावर टँकर खाली होत असेल तर तिथे भरू नका, तळाचा गाळ तेव्हा ढवळलेला असतो. बिल मागून घ्या, तक्रारीला तोच पुरावा असतो.

इंजिन ऑइलसाठी बायपास फिल्टरही मिळतो. तो ऑइलचा थोडाच भाग फिरवून अतिशय बारीक काजळी धरतो. पण त्याची नळी फुटली तर मिनिटांत ऑइल जातं आणि इंजिन जाम होतं. लहान पिकअपला वेळेवर ऑइल, फिल्टर आणि कूलंट बदलणं हेच जास्त भरवशाचं.

भाड्याच्या गाडीवर घर चालतं, हप्ता चालतो, शेतकऱ्याचा माल वेळेत पोहोचतो. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: जादा फिल्टर लावलात म्हणून मूळ फिल्टरची मुदत पुढे ढकलू नका, आणि नव्या फिल्टरची तारीख व किलोमीटर त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. चालक बदलला तर त्याला वाटीतलं पाणी काढून दाखवा, त्याच्या हातून करून घ्या आणि मगच किल्ली द्या.