पाण्याच्या यंत्रातील फिरते चाक

पाणपोई घालणे हे आपल्याकडे पुण्याचे काम मानतात. मुसलमानांत तिलाच सबील म्हणतात. पूर्वी त्यासाठी दोन रांजण आणि एक पेला पुरे होई. आता धर्मादाय संस्था रांजणाऐवजी आर. ओ. यंत्र बसवितात. यंत्राबरोबर मोजमापही येते, आणि नेमके तेथेच दुर्लक्ष होते.

परासरणात पाणी पातळ पडद्यातून आपण होऊन खाऱ्या बाजूकडे जाते. पंपाचा दाब देऊन हीच क्रिया उलटविली की पाणी इकडे येते व क्षार पलीकडे राहतात. असा कामाचा पडदा लोब आणि सौरिराजन यांनी १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार केला. मात्र सर्वच पाणी पार होत नाही. एक वाट गोड पाण्याची, दुसरी अडलेले क्षार घेऊन जाणाऱ्या पाण्याची.

ह्या वाटांवर टर्बाईन मीटर बसवितात. नळीत तिरप्या पात्यांचे लहानसे चाक असते. पाण्याचा वेग जितका, तितके ते भरभर फिरते. नळीबाहेरील चुंबकीय यंत्रणा प्रत्येक पात्याची फेरी मोजते. समजा, एका लिटरला ४५० ठोके पडतात. मग ९०० ठोके म्हणजे दोन लिटर. शुद्ध पाण्यात क्षार फार थोडे उरल्याने त्याची विद्युत्वाहकता अतिशय कमी होते, आणि विद्युत्चुंबकीय मीटर तेथे अडखळू शकतो. चाकाला मात्र क्षारांशी कर्तव्य नाही. त्याला बाधतात ती वाळू, हवेचे बुडबुडे आणि वाकडी नळी. म्हणून गाळणी मीटरच्या आधी हवी, आणि मीटरपूर्वी नळीच्या व्यासाच्या सुमारे दहापट लांबीचा सरळ भाग हवा.

आता हिशेब. तासाला १००० लिटर पाणी आत गेले, ६०० गोड निघाले, ४०० बाहेर पडले. आत येणाऱ्या पाण्यात लिटरला ६०० मिलिग्रॅम क्षार असतील, तर बाहेर पडणाऱ्यात ते सुमारे १५०० होतील. पाणी वाया जाते म्हणून कोणी झडप आवळून ८०० लिटर गोड पाणी काढू लागला, तर उरलेल्या २०० लिटरांत क्षार पाचपट, म्हणजे ३००० मिलिग्रॅम होतात. ते पडद्यावर थर धरतात आणि महागडा पडदा बाद होतो. झडप फारच सैल ठेवली, तर निम्म्याहून अधिक पाणी गटारात जाते. दोन्हींमधले ठिकाण केवळ मीटर दाखवितो. पाण्याची चव ते सांगू शकत नाही.

भरवेलीकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपली भूमी मँगॅनीजची. म्हणून प्रत्येक विहिरीत ते असेलच असे नाही. ते तपासणीनेच कळते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.१ मिलिग्रॅम मँगॅनीज योग्य, आणि दुसरा स्रोत नसेल तर ०.३ पर्यंत चालते. विरघळलेले मँगॅनीज दिसत नाही. पण हवा वा क्लोरीन लागले की काळसर गाळ होऊन पडद्यावर व चाकावर बसते. यास्तव आधी ते काढून टाकणारी गाळणी पाहिजे.

गोड पाण्याचा प्रवाह दहा-पंधरा टक्क्यांनी घटला की पडदा धुण्याची वेळ आली, असे समजतात. पण थंडीत घाई करू नये. पाणी एक अंशाने गार झाले की उत्पादन सुमारे तीन टक्क्यांनी उतरते. डिसेंबरातील आकडा मे महिन्याच्या आकड्याशी ताडून मिस्त्रीला बोलावणे हा फुकटचा खर्च आहे. रोजच्या वहीत प्रवाहाशेजारी पाण्याचे तापमान लिहावे.

मीटर खरा बोलतो की नाही, हे शाळेतील मुलेही पाहू शकतील. वीस लिटरची बादली गोड पाण्याच्या नळाखाली धरा आणि घड्याळ लावा. दोन मिनिटांत ती भरली, तर प्रवाह तासाला ६०० लिटर झाला. मीटर ५०० दाखवीत असेल, तर चाक अडकते आहे. दोन्ही वाटांचे पाणी मिळून आत येणाऱ्या पाण्याइतके भरले पाहिजे. न भरल्यास तीन मीटरांपैकी एखादा चुकतो किंवा कोठे गळती आहे. उरलेले ४०० लिटर फरशी व संडास धुण्यासाठी वेगळ्या टाकीत घ्यावे, आणि त्या टाकीवर 'पिण्याचे नाही' असे ठळक अक्षरांत लिहावे.