शिवसुमन : सह्याद्रीच्या कड्यावरचे वाळवंटी फूल

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या आणि उंटांचे तांडे उभे राहतात. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात मी मात्र वाळवंटाची व्याख्या वेगळी सांगतो. जिथे मुळांपाशी पाणी टिकत नाही, ती जागा वनस्पतीच्या दृष्टीने वाळवंटच होय. पाऊस किती पडला, यापेक्षा तो जमिनीत किती काळ राहिला, याला महत्त्व आहे. या विधानाचा पुरावा आपल्या सह्याद्रीतच आहे. जुन्नरजवळच्या शिवनेरीच्या कड्यांवर वाढणारी ‘शिंदळ माकुडी’ ऊर्फ ‘शिवसुमन’ ही वनस्पती म्हणजेच तो पुरावा.

मुंबई इलाख्यातील वनस्पतींचे अभ्यासक डालझेल यांनी १८६५ च्या सुमारास तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिले. ती रुईच्या कुळातली. तिच्या गटातील बहुसंख्य जाती आफ्रिका व अरबस्तानच्या कोरड्या प्रदेशांत राहतात. त्यांची खोडे मांसल असतात. पाने जवळजवळ नसतातच. शिवसुमनाला मात्र पावसाळ्यात चांगली हिरवी पाने फुटतात. पाऊस सरला की ती गळतात आणि जाड, पाणीदार खोड तेवढे उरते.

येथे एक मोठी गंमत आहे. लांगे आणि झुबेर या संशोधकांनी १९७७ साली असे दाखवले, की हिची पाने इतर सामान्य झाडांप्रमाणे दिवसा कर्बवायू घेतात. खोड मात्र निवडुंगाप्रमाणे तो रात्री घेऊन आम्लरूपाने साठवते आणि दिवसा वापरते. उन्हात रंध्रे मिटलेली राहिल्याने पाणी वाचते. म्हणजे एकाच रोपाजवळ पावसाळ्याचा एक आणि उन्हाळ्याचा दुसरा, असे दोन संसार आहेत!

पावसाळ्याच्या अखेरीस पाच पाकळ्यांची, चांदणीसारखी फुले येतात. रंग गडद तांबूस, त्यावर पिवळी नक्षी, कडांना बारीक लव. परागीभवन माश्यांकडून होते. बियांना रेशमी तंतूंचा झुबका असल्याने त्या वाऱ्यावर उडतात. पण कड्यावरची योग्य फट फारच थोड्या बियांना लाभते.

महाराष्ट्राबाहेर ही वनस्पती नैसर्गिकरीत्या आढळत नाही. शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड अशी तिची मोजकीच ठिकाणे. ज्या लाव्हारसाने हे कडे घडले, त्याचेच थर उत्तरेस माळव्यापर्यंत पसरले आहेत; क्षिप्राकाठचे उज्जैनचे भैरवगढही त्याच काळ्या पाषाणाच्या प्रदेशात आहे. पण तिथे सपाटी आणि काळी माती, सह्याद्रीसारखे उभे कडे नाहीत. नुसता पाषाण पुरत नाही. पावसाचे पाणी क्षणात निथळून जाईल असा कडाच हवा.

कोणी म्हणेल, खोडाचा तुकडा लावला तरी हे रोप कुंडीत सहज जगते, मग चिंता कशाची? मला वाटते, खरी चिंता इथेच आहे. एकाच रोपाचे शंभर तुकडे म्हणजे शंभर वेगळी रोपे नव्हेत. त्यांत वाणाची विविधता येत नाही. शिवाय कुंडीत माश्यांशी जुळलेले नाते नाही, उन्हाळ्याची कसोटीही नाही. दरडी, वणवे, शेळ्यांची चराई आणि हौशी संग्राहकांचे हात यांपासून मूळचे कडे सांभाळले, तरच शिवसुमन राहिले असे म्हणता येईल. विद्यार्थिमित्रांनी गडावर जाताना वही-पेन्सिल न्यावी, चित्र काढावे, नोंद करावी. खुरपे मात्र घरीच ठेवावे.