छपराचा अंदाज आणि उसाचे बिल



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे-खते सोडून छपरावर का लिहावे, असे काहींना वाटेल. कारण सांगतो. खोडव्याच्या नोंदीसाठी आम्ही शिवारात फिरतो तेव्हा एखादा चांगला फड पिवळा पडलेला दिसतो. चौकशी केली की उत्तर येते, "साहेब, यंदा घराचं छप्पर काढलं, खताला पैसाच उरला नाही." छप्पर गळत असेल तर बदललेच पाहिजे, त्यात वाद नाही. पण अंदाज न काढता कौले उतरवली, उघड्यावर आल्यावर वासे कुजलेले निघाले, आभाळ भरून आले, मग मिळेल त्या व्याजाने पैसा उचलला, ही गोष्ट टाळता येण्यासारखी आहे.

पहिली चूक होते मापात. घर लांबीला ३० फूट आणि रुंदीला २० फूट, म्हणजे ६०० चौरस फूट, असे दुकानदारास सांगितले जाते. हे जमिनीचे माप झाले, छपराचे नव्हे. दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट वळचण, दोन्ही टोकांना एकेक फूट पुढे काढलेला भाग, शिवाय पाख्याचा उतार, हे सगळे धरावे लागते. दोन फुटांस एक फूट असा कौलांना चालणारा चढ धरला तर या घराचे एक पाखे आढ्यापासून वळचणीपर्यंत जवळजवळ १३ फूट भरते. १३ गुणिले ३२ म्हणजे ४१६, आणि दोन पाख्यांचे ८३२ चौरस फूट. सांगितलेल्या मापापेक्षा तिसऱ्या हिश्शाहून जास्त!

ज्यांना हे गणित नको त्यांनी दोरी घ्यावी. एका टोकाला चिंध्यांचे गाठोडे बांधून ती आढ्यावरून पलीकडे टाकावी. एका वळचणीपासून दुसऱ्या वळचणीपर्यंत दोरी मोजली की दोन्ही पाख्यांची लांबी हाती आली. कौलांवर चढायची गरज नाही. जुन्या रीपांवर चढून पाय मोडून घेण्यात अर्थ नाही.

आता नग. मंगलोरी कौले १०० चौरस फुटांस सुमारे १४० बसतात. म्हणजे वरच्या घरास ११६५ आणि फुटतूट शेकडा ५ धरून सव्वाबाराशेच्या आसपास. आढ्यावरची कोनकौले वेगळी. पत्रा घालायचा असेल तर रंगीत पत्रा साधारण साडेतीन फूट रुंद येतो, पण शेजारच्या पत्र्यावर चढवल्यावर सव्वातीन फूटच कामी येतो. ३२ फुटांस असे १० पत्रे, दोन्ही पाख्यांना २०. प्रत्येकी १३ फूट, म्हणजे २६० फूट लांबीचा माल. पैसे ९१० चौरस फुटांचे जातात आणि झाकले जातात ८३२. भाव विचारताना जाडी मिलिमीटरमध्ये विचारावी, आणि ती रंगासह की नुसत्या पत्र्याची तेही विचारावे. फुटाचा भाव कमी सांगून पातळ माल गळ्यात घालणारे भेटतात. कर धरून की कर सोडून, हे भावाबरोबरच लिहून घ्यावे.

खरा दगा लाकडात असतो. वासा मधून ठणठणीत दिसतो, पण भिंतीत गाडलेले टोक कुजलेले असते. म्हणून कौले उतरवण्यापूर्वी सुताराला बरोबर घेऊन प्रत्येक वाशाच्या आणि तुळईच्या टोकाला दाभण किंवा अणकुचीदार सळई टोचून पाहावी. सहज आत गेली की ते लाकूड बदलण्याच्या यादीत. लाकडाचा हिशोब सोपा आहे : रुंदी इंचात गुणिले जाडी इंचात गुणिले लांबी फुटात, भागिले १४४, की घनफूट निघतात. ४ बाय २ इंची १३ फुटांचा वासा पाऊण घनफुटास थोडा कमी भरतो. असे २० वासे म्हणजे साडेचौदा घनफूट. इतके करूनही काही लाकूड उघडल्यावरच कळते, त्यासाठी एकूण अंदाजावर शेकडा १५ वेगळे ठेवावेत. ती रक्कम रंगाला किंवा फरशीला वळवू नये.

कौले काढून पत्रा घालणारांनी वजनाचाही विचार करावा. वरच्या घरावर कौलांचे वजन अडीच टनांच्या वर असते, पत्रा साडेतीनशे किलोच्या आसपास. म्हणजे वाऱ्याला तो सोपा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा असंख्य घरांची छपरे उडाली. आपल्याकडे वळवाचे वारेही कमी नसते. तेव्हा सांगाडा भिंतीशी लोखंडी पट्ट्यांनी जखडणे, वळचणीला आणि टोकांना स्क्रू जवळजवळ मारणे, रबरी वायसर चांगले घेणे, हा खर्च अंदाजात सुरुवातीसच धरावा. जुना सिमेंटचा पत्रा असेल तर तो फोडू नये, करवतीने कापू नये. पाणी मारून अख्खा उतरवावा. त्यातल्या ॲसबेस्टॉसची धूळ फुफ्फुसास घातक आहे.

मजुरी ठरवताना उतरवणे, माल वर चढवणे, राडारोडा हलवणे, परात बांधणे कोणाकडे, हे कागदावर यावे. सगळी उचल आधी देऊ नये.

आता पैसा. आम्ही सभासदांना सांगतो, छपराची किंमत रुपयांत काढून झाली की ती टनांत मांडा. समजा दोन एकरांचे ८० टन गेले. त्यातले ३० टन सोसायटीच्या वसुलीत, १५ टन पुढच्या लागणीला व खोडव्याच्या खतपाण्याला, २० टन घरखर्च आणि मुलांच्या शिक्षणाला. उरले १५ टन. छप्पर २५ टनांचे असेल तर १० टनांची तूट आहे, हे कौले उतरवण्यापूर्वी कळते. मग एक पाखे यंदा आणि एक पुढच्या साली करावे, किंवा कौले शाबूत असतील तर फक्त वासे-रीपा बदलून तीच परत चढवावीत. पीककर्ज काढून छप्पर करू नये. ते पिकासाठी असते, वर्षाच्या आत फेडायचे असते, आणि छपराला काही ऊस येत नाही. खोडव्याचा युरिया वाचवून आढे बांधले तर पुढच्या बिलात ते टन कमी येतात. हे आम्ही वजनकाट्याच्या पावत्यांवर पाहतो.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देय होतात. पण तोड कधी लागेल याचा भरवसा पाळीवर असतो. तेव्हा बिल बँकेत जमा झाल्यावरच कौलाला हात लावावा. मार्च-एप्रिल हा काळ उत्तम. मे उजाडला की सुतार मिळत नाही आणि वळीव केव्हा येईल ते सांगता येत नाही.

जुना माल कवडीमोलाने देऊ नये. शाबूत कौले गोठ्याला चालतात, आणि जुन्या सागवानी तुळईची चांगली बाजू कापून चौकटीला लागते.

दोरीच्या मापाचा कागद घेऊन कोणी गट ऑफिसात आले तर नग आणि घनफूट काढून द्यायला आमचे शेतकी मदतनीस तयार आहेत. शनिवारी दुपारनंतर यावे, तोपर्यंत नोंदींची गर्दी ओसरलेली असते.