जावे की राहावे?

पावसाळा सुरू झाला की मनुष्याच्या मनात दोन इच्छा एकाच वेळी जाग्या होतात. एक म्हणते, घराबाहेर पडावे, हिरवे डोंगर पाहावेत, धुक्यात हिंडावे. दुसरी म्हणते, दार लावून घ्यावे आणि कोरड्या घोंगडीवर बसून गरम भजी खावीत. दोन्ही इच्छा खऱ्या असतात. त्यांपैकी कोणत्या इच्छेचे कोणत्या दिवशी ऐकावे, हे ठरविणे मात्र सोपे नसते.

पुण्यातील एका कुटुंबापुढे जुलै महिन्यात हाच प्रश्न उभा राहिला. बाबांनी उन्हाळ्यात एक तंबू विकत आणला होता. मुळशी धरणाच्या पलीकडे, ताम्हिणी घाटाच्या अंगाला, एका खेड्यात मुलांचे मामा राहत. त्यांच्या शेतात शनिवारी आणि रविवारी तंबू ठोकून राहावयाचे, असा बेत महिनाभर आधीच ठरला होता. सातवीतल्या ताईने सामानाची यादी केली होती: तंबू, मेखा, दोऱ्या, ताडपत्री, विजेरी, स्टोव्ह, तांदूळ, मीठ. पाचवीतला बाळू तर रोज रात्री तंबूच्या पिशवीला हात लावूनच निजत असे.

गुरुवारी संध्याकाळी बाबा हवामान खात्याचा इशारा वाचू लागले आणि वाचता वाचता थांबले. "शनिवारी पुण्याच्या घाटमाथ्यावर मुसळधार ते अतिमुसळधार पाऊस पडण्याची शक्यता आहे. नारिंगी इशारा दिला आहे," ते म्हणाले.

बाळूचा चेहरा एकदम उतरला. "पण बाबा, आज तर इथे ऊन पडले होते! आणि तंबू पावसासाठीच असतो ना?"

ताई म्हणाली, "पाऊस नको असता तर आपण उन्हाळ्यातच गेलो नसतो का? भिजण्यात तर खरी मौज आहे."

बाबांच्याही मनातून बेत मोडावयाचा नव्हता. त्यांनी आजोबांकडे पाहिले. आजोबांची नोकरी पाटबंधारे खात्यात झाली होती. पर्जन्यमापकातील पाणी मोजून वहीत लिहिण्यात त्यांची अनेक वर्षे गेली होती. ते म्हणाले, "जायचे की नाही, हे आताच कोणी बोलू नका. आधी काय काय ठाऊक आहे, ते पाहू. ताई, वही घे."

ताई वही घेऊन बसली.

"पहिली गोष्ट," आजोबा सांगू लागले, "पुण्यातले ऊन घाटातल्या पावसाविषयी काहीच सांगत नाही. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडतात आणि वर चढतात. वर हवा थंड होते, बाष्पाचे पाणी होते आणि ते तेथेच कोसळते. डोंगर ओलांडून वारे पूर्वेकडे उतरतात, तोवर त्यांच्यातले पुष्कळसे पाणी संपलेले असते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेला अवघ्या तीस-पस्तीस किलोमीटरांवर असलेल्या वाईला हजार मिलिमीटरही पडत नाही. तेव्हा खिडकीतून आकाश पाहून घाटाचा निर्णय करू नये."

"दुसरी गोष्ट, इशाऱ्याचे रंग. हिरवा म्हणजे काळजीचे कारण नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे आता कृती करा. चोवीस तासांत साडेचौसष्ट मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडला की त्याला मुसळधार म्हणतात. एकशे पंधरा मिलिमीटरांच्या वर गेला की तो अतिमुसळधार."

"मिलिमीटर म्हणजे तर एवढेसेच!" बाळू दोन बोटे जवळ आणून म्हणाला.

आजोबा हसले. "एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर किती पाणी होते?"

ताईने हिशेब केला. "एक लिटर."

"मग एक चौरस किलोमीटर डोंगरावर शंभर मिलिमीटर पडला तर?"

ताईची पेन्सिल वहीवर बराच वेळ चालली. उत्तर लिहून तिने ते पुन्हा तपासले आणि हळूच म्हटले, "दहा कोटी लिटर!"

"म्हणजे दहा हजार लिटरांचे दहा हजार टँकर," बाबा म्हणाले.

"त्यातले काही पाणी जमिनीत मुरते," आजोबा म्हणाले, "परंतु आठ दिवस पाऊस लागून राहिलेला असला की जमिनीचे पोट आधीच भरलेले असते. मग पडेल ते पाणी ओढ्याकडे धावते. ज्या ओढ्यात सकाळी घोटाभर पाणी असते, त्यात दुपारी माणूस उभा राहू शकत नाही. आणि पाऊस वर डोंगरात पडत असतो, त्यामुळे खाली उभ्या असलेल्या माणसाला लोंढा येईपर्यंत काही कळतही नाही."

बाबा गंभीर झाले. त्यांना एक घटना आठवली. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागील धबधब्यावर एक कुटुंब सहलीसाठी गेले होते. पाण्याचा लोंढा एकाएकी वाढला आणि त्या कुटुंबातील पाच जणांचा बुडून मृत्यू झाला. ती माणसेही आनंदासाठीच घराबाहेर पडली होती. बाबांनी ही हकीकत थोडक्यात सांगितली. क्षणभर कोणी काही बोलले नाही.

आई आतापर्यंत ऐकत होती. तिचे बालपण त्याच खेड्यात गेले होते. ती म्हणाली, "आपण तंबू ठोकणार ते शेत ओढ्याच्या पलीकडे आहे. ओढ्यावर मोठा पूल नाही, फरशी आहे. पाणी फरशीवरून वाहू लागले की पलीकडचा माणूस पलीकडेच राहतो. जाता येईल का, हा प्रश्न लहान आहे. परत येता येईल का, हा मोठा."

"आपल्या भावालाच विचारून पाहा," आजोबा म्हणाले. "हवामान खाते जिल्ह्याचे सांगते. ओढ्याचे गावचा माणूसच सांगेल."

आईने मामांना दूरध्वनी केला. मामा मोठ्याने बोलत असल्यामुळे ते सर्वांना ऐकू येत होते. "अक्का, तुम्ही या म्हणालात तर मी नको कसे म्हणू? घर तुमचेच आहे. पण खरे सांगू का? चार दिवस झाले, पाऊस उघडलेला नाही. मंगळवारी फरशी दोन तास पाण्याखाली होती. शेतात पाऊल टाकले की पोटरीपर्यंत चिखल. तिथे मेख धरायची नाही. मी माझी गुरेसुद्धा अलीकडे आणून बांधली आहेत."

हे शेवटचे वाक्य ऐकून आजोबांनी मान हलविली. "जो माणूस आपली गुरे पलीकडे ठेवीत नाही, त्याच्या शेतात आपण आपली मुले न्यावीत काय?"

या प्रश्नाचे उत्तर देण्याची गरज नव्हती. बेत रद्द झाला. ताईने वही मिटली. बाळू मात्र काही न बोलता उठला आणि तंबूची पिशवी उराशी धरून भिंतीकडे तोंड करून निजला. मोठ्या माणसांचा निर्णय पटणे आणि त्याचे दुःख न होणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

शनिवारी सकाळी बाबांनी त्याला हाक मारली. "चल, तंबू अंगणात ठोकून पाहू. निदान तो कसा आहे, हे तरी कळेल."

अंगणात तंबू उभा राहिला. दुपारी पुण्यातही सरी आल्या आणि दोन्ही मुले आत जाऊन बसली. त्या दोन तासांत त्यांना पुष्कळ गोष्टी कळल्या. छताच्या आतल्या कापडावर दोन कापडांमधले अंतर नाहीसे होईल अशा रीतीने बोट टेकविले की तेथूनच ओल आत येते. दोऱ्या सैल राहिल्या की छताला झोळ पडतो आणि त्यात पाणी साठते. सखल जागी ठोकलेल्या तंबूत पाणी वरून येत नाही, खालून येते. बाळूचा सदरा भिजला, वारा सुटला आणि जुलै महिन्यातही त्याचे दात वाजू लागले. तेव्हा ओल्या कपड्यांतून अंगातली ऊब किती लवकर जाते, हेही समजले. ताईने सामानाच्या यादीत नवी ओळ लिहिली: 'कोरड्या कपड्यांचा एक जोड, घट्ट बांधलेल्या पिशवीत, प्रत्येकासाठी.'

रविवारी रात्री मामांचा दूरध्वनी आला. "अक्का, गंमतच झाली! इतका गाजावाजा झाला, पण आमच्याकडे नुसती भुरभुर. फरशी दोन्ही दिवस मोकळी होती."

बाळू उडी मारून उठला. "बघा! आपण गेलो असतो तर काहीच झाले नसते. आपला निर्णय चुकला!"

बाबाही क्षणभर निरुत्तर झाले. ताई आजोबांकडे पाहू लागली.

आजोबांनी बाळूला जवळ बसविले. "बाळू, एका मुलाने डोळे मिटून रस्ता ओलांडला आणि तो पलीकडे सुखरूप पोहोचला. त्याने शहाणपणा केला, असे तू म्हणशील का?"

"नाही. त्याचे नशीब चांगले."

"आणि दुसऱ्याने दोन्ही बाजूंना पाहून, गाडी दिसली म्हणून तो थांबला. ती गाडी मध्येच वळून दुसरीकडे गेली. मग त्याचे थांबणे चुकले का?"

बाळू विचारात पडला. "नाही. गाडी वळणार हे त्याला कुठे ठाऊक होते?"

"तेच आपले झाले. निर्णय बरोबर होता की चूक, हे नंतर काय घडले त्यावरून ठरवायचे नसते. त्या वेळी जे ठाऊक होते, त्याचा आपण नीट विचार केला की नाही, यावरून ते ठरवायचे असते. गुरुवारी आपल्याला इशारा ठाऊक होता, ओढा ठाऊक होता आणि चिखलही ठाऊक होता. भुरभुर ठाऊक नव्हती."

बाळूने थोड्या वेळाने विचारले, "मग पाऊस असला की आपण नेहमीच घरी बसायचे?"

"मुळीच नाही!" आजोबा म्हणाले. "पावसाला भिऊन जो घरात बसला, त्याने सह्याद्री पाहिलाच नाही. कधी जायचे, कुठे राहायचे आणि कधी परत फिरायचे, एवढे आधी ठरवायचे आणि मग खुशाल जायचे."

सप्टेंबरच्या अखेरीस पावसाचा जोर ओसरला. घाटमाथ्यावर पिवळा इशारा होता. पुन्हा सर्व जण एकत्र बसले आणि या वेळी वही बाळूने घेतली. त्याने तीन अटी लिहिल्या. पहिली, तंबू ओढ्याच्या अलीकडे, मामांच्या घरामागील उंच माळावर ठोकायचा. झाडाखाली नाही आणि उताराच्या पायथ्याशीही नाही. दुसरी, ओढ्यात किंवा धबधब्याखाली उतरायचे नाही. तिसरी, ढगांचा गडगडाट ऐकू आला की तंबू सोडून घरात जायचे, कारण कापडाचा तंबू विजेपासून रक्षण करीत नाही.

शनिवारी दुपारी माळावर तंबू उभा राहिला. खाली धरणाचे पाणी चकाकत होते. कारवीच्या झुडपांतून धुके वर येत होते. स्टोव्हवर खिचडी शिजली. सर्वांनी ती पत्रावळींवर वाढून घेतली आणि इतकी चवदार खिचडी घरी कधी होत नाही, यावर सर्वांचे एकमत झाले.

रात्री नऊच्या सुमारास पूर्वेकडे वीज चमकली. बाळूने मोजावयास सुरुवात केली. चोविसावा आकडा उच्चारताच गडगडाट ऐकू आला. आवाजाला एक किलोमीटर यावयास सुमारे तीन सेकंद लागतात, हे त्याला आजोबांनी शिकविले होते.

"आठ किलोमीटर," ताई म्हणाली. "अजून लांब आहे. थोडे थांबू या का?"

जुलै महिन्यात भिंतीकडे तोंड करून निजलेला बाळू आता सर्वांच्या आधी उठला. त्याने विजेरी हाती घेतली आणि तो म्हणाला, "लांब असली तरी अट ती अट. गडगडाट ऐकू आला की घरात. चला!"

मामांच्या ओटीवर बसून सर्वांनी तो वळवासारखा पाऊस पाहिला. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ दिला आणि मग सर्व जण पुन्हा माळावर आले. तंबू आतून कोरडा होता. ढग सरले होते आणि डोंगरावर चांदण्या दिसू लागल्या होत्या.

आजोबांनी घोंगडी अंगावर ओढून घेतली. झोपण्यापूर्वी ते एवढेच म्हणाले, "बाळू, आज आपण दोनदा योग्य निर्णय केला. एकदा येण्याचा आणि एकदा उठण्याचा."

अभ्यास

१. 'जाता येईल का, हा प्रश्न लहान आहे. परत येता येईल का, हा मोठा,' असे आई का म्हणाली?
२. पुण्यात ऊन असतानाही घाटात मुसळधार पाऊस का पडू शकतो, ते आपल्या शब्दांत सांगा.
३. मामांच्या बोलण्यातील कोणत्या वाक्याने निर्णय पक्का झाला? का?
४. 'निर्णय चुकला,' असे बाळूला का वाटले? आजोबांनी त्याची समजूत कशी घातली?
५. तुमच्या शाळेचे पटांगण ५,००० चौरस मीटरांचे आहे, असे समजा. त्यावर २० मिलिमीटर पाऊस पडला, तर एकूण किती लिटर पाणी होईल?
६. पुढील वाक्प्रचार स्वतःच्या वाक्यांत वापरा: चेहरा उतरणे, निरुत्तर होणे, समजूत घालणे.