तलवारीचं वेड आणि पदवीचा कागद

मुलगा रात्री अकराला मोबाइलवर धोप आणि फिरंग या तलवारींमधला फरक बघत बसतो, फिजिक्सचं पुस्तक मात्र उशाशी तसंच मिटलेलं. परवा तर त्यानं जुन्या शस्त्रांच्या एका ऑनलाइन ‘डिप्लोमा’साठी फी मागितली. नागपूरजवळच्या सावनेरच्या कुठल्याही घरात यावर एकच प्रश्न येणार, “तलवारीवर पोट भरते का जी?”

तलवारीवर नाही भरत. तलवार ओळखणं, तिची नोंद करणं, ती गंजू न देणं, तिच्यावरचा लेख वाचणं, यावर मात्र भरतं. फार जणांचं नाही, पण भरतं. घोळ होतो तो कागदाचा. जुन्या शस्त्रांचे शौकीन हल्ली ऑनलाइन जमतात, एकमेकांना फोटो दाखवतात, वाद घालतात, वर्ग घेतात आणि शेवटी प्रमाणपत्रही देतात. शिकवणारे पुष्कळदा खरे जाणकार असतात आणि नजर तयार होते ती अशांच्याच संगतीत. पण १९५६ च्या यूजीसी कायद्याप्रमाणे पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्यानं तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. हौशी मंडळाच्या कागदावर कितीही सोनेरी शिक्का असला, तरी सरकारी जाहिरातीतल्या ‘शैक्षणिक अर्हते’त तो बसत नाही. तेव्हा फी हजार-दोन हजार असेल तर हौस म्हणून भरा. मोठी रक्कम मागत असतील तर मागे कोणतं विद्यापीठ आहे ते विचारा आणि त्याचं नाव यूजीसीच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा. नुसतं ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ एवढंच ऐकवलं की मी तरी फोन ठेवून देतो.

मग खरा कागद कोणता? शस्त्र या विषयाची वेगळी पदवी शोधत बसू नका. पदवी घ्यायची इतिहासाची, पुरातत्त्वाची, संग्रहालयशास्त्राची किंवा जतनशास्त्राची, आणि शस्त्र हा विषय त्यात आपला आपण पक्का करायचा.

हे शिक्षण कुठे कामी येतं याचं उदाहरण नागपूरकरांच्या अगदी जवळचं आहे. २९ एप्रिल २०२५ ला लंडनच्या सदबीजच्या लिलावात नागपूरच्या पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार निघाली. महाराष्ट्र सरकारनं ती सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. आता ही एकच वस्तू किती जणांना काम देते ते पाहा. पातं युरोपात घडवलेलं, म्हणून ती फिरंग. तेव्हा सागरी व्यापाराचा इतिहास माहीत असलेला माणूस हवा. पात्यावर देवनागरीत सोन्यानं रघुजींचं नाव आणि सेनासाहेबसुभा हा किताब. तो लेख वाचून त्याचा काळ ठरवणारा हवा. मुठीवरचं सोन्याचं काम जुनं की मागाहून केलेलं, हे सांगणारा कारागिरीचा जाणकार हवा. ती परदेशी कशी गेली, १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नेली असेल का, हा माग दप्तरांतून काढणारा हवा. आणि आता ती आहे तशी राहावी म्हणून धातूचा डॉक्टर हवाच.

सावनेरहून या वाटेला लागणं अवघड नाही. कला शाखेचा मुलगा नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागात एम.ए. करू शकतो. पुण्याचं डेक्कन कॉलेज पुरातत्त्वासाठी, बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ संग्रहालयशास्त्रासाठी. तिथला विभाग १९५२ पासून चालू आहे. नोएडाच्या भारतीय विरासत संस्थेत संग्रहालयशास्त्र आणि जतन दोन्ही आहेत. ग्रेटर नोएडाला पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संस्थेत पुरातत्त्वाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. जोडीला मोडी शिकावीच. राज्याचं पुराभिलेख संचालनालय तिचे वर्ग घेतं. फारसीही थोडी आली तर हा उमेदवार इतरांहून वेगळा उठून दिसतो.

पालकांना सहसा ठाऊक नसतं ते असं की बी.एस्सी.वाल्याला इथे जागा जास्त मोकळी आहे. रसायनशास्त्र शिकलेला मुलगा जतनाकडे वळला तर इतिहासवाल्यांच्या गर्दीत तो उठून दिसेल. दसऱ्याला घरोघरी काय होतं आठवा. आजोबांची तलवार माळ्यावरून काढायची, लिंबू नाहीतर चिंच फासायची, पॉलिश पेपरनं घासायची, आणि ती आरशासारखी झाली की सगळे खूश. पण काही जुन्या पोलादी पात्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असते, तिला जौहर म्हणतात. ती या एका घासणीत पुसट होते, आणि मुठीवरची सोन्याची कोफ्तगिरी गेली की पुन्हा येत नाही. जतन करणारा आधी घासत नाही, बघतो. गंज थांबलेला आहे की अजून पातं खातोय? चामड्याच्या म्यानात ओल धरलीय का? तो हातमोजे घालतो, कारण गंज चढायला घामातलं मीठही पुरतं. फोटो, वजन, मापं, भेगा सगळं लिहून घेतो, मग हलक्या हातानं साफ करून मेणाचा पातळ थर देतो. हे काम शिकवणारी राष्ट्रीय प्रयोगशाळा लखनौला आहे, आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं जतन केंद्रही नाव कमावून आहे.

हौसेला कायद्याची एक बाजू आहे, ती मुलाला आजच सांगा. मोठ्या पात्याची तलवार शस्त्र कायदा, १९५९ च्या कक्षेत येते आणि ऑनलाइन मागवलेल्या तलवारीवरून पोलिसांत गुन्हे नोंदले जातात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात मोडते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. पोरांचा शौक नेमका इथे अडकतो, आणि एकदा गुन्हा नोंदला गेला की सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत त्याचा त्रास होतो.

पगाराचं सांगायचं तर, राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयातल्या अभिरक्षकाच्या जागा थोड्या आणि त्यांची जाहिरात कधी येईल याचा नेम नसतो. खासगी संग्रह, लिलावघरं, चित्रपटांचे कला विभाग इथे कामं मिळतात, पण ओळखीनं आणि तुटक. म्हणून एम.ए. करतानाच नेट-सेटची तयारी ठेवावी, म्हणजे प्राध्यापकीचं दार तरी उघडं राहतं. ज्या घराला बारावीनंतर चार वर्षांत पगार हवाच आहे, त्यांनी ही वाट धरू नये, असं मला स्पष्ट वाटतं. आयटीआय किंवा वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) भरतीकडे बघावं. शस्त्रं रविवारची हौस म्हणून राहू द्यावीत.

ज्यांना अजून ठरवता येत नाही, त्यांनी मुलाला नागपूरला सिव्हिल लाइन्सच्या अजब बंगल्यात न्यावं. १८६३ मध्ये सुरू झालेलं हे मध्यवर्ती संग्रहालय सावनेरहून बसनं तासाभरावर आहे. शस्त्रांच्या दालनात त्याच्या हातात वही द्या, मोबाइल तुमच्याकडे ठेवा. एकच कट्यार निवडून तिचं वर्णन लिहायला सांगा: मुठीचा आकार, पात्याच्या शिरा, कुठे डाग, कुठे नक्षी, लावलेल्या पाटीवर काय लिहिलंय आणि काय राहिलंय. वीस मिनिटांत तो बाहेरचा समोसा खायला निघाला, तर जेईईचा क्लास चालू ठेवा. पाटीतलं चुकलेलं दाखवत पहारेकऱ्याशी बोलत उभा राहिला, तर बडोद्याची माहितीपुस्तिका मागवा.